ॲम्नियन आणि नव्या रक्तवाहिन्या: प्रकल्प नोंदी, जानेवारी ते मार्च २०२४

१६ जानेवारी. प्रश्न आखून घेणे

ॲम्नियन म्हणजे गर्भाभोवतीच्या आवरणाचा सर्वांत आतला, पातळ पडदा. नेत्रतज्ज्ञ तो कॉर्नियावर लावतात. कॉर्नियात वाहिन्या शिरू नयेत हा त्यामागचा एक हेतू असतो. तोच पडदा भाजलेल्या जखमेवर किंवा पायाच्या जुनाट व्रणावर लावला, की खाली लालसर दाणेदार मांस भरून येते, म्हणजे तिथे केशवाहिन्या दाटीने वाढलेल्या असतात. एकाच पडद्याकडून दोन उलटी कामे अपेक्षित आहेत आणि दोन्ही ठिकाणी तो उपयोगी पडतो.

मागचा धागा थोडक्यात लिहून ठेवतो. जॉन स्टेज डेव्हिस यांनी १९१० मध्ये जॉन्स हॉपकिन्स इथे गर्भावरणे त्वचारोपणासाठी वापरली. डोळ्यावरचा पहिला वापर १९४० चा, डी रॉथ यांचा. पुढे हा विषय मागे पडला. १९९५ मध्ये किम आणि त्सेंग यांनी सशांच्या कॉर्नियावर ॲम्नियन लावून तो पुन्हा वर आणला. १९८० मध्ये फॉक आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये पायाच्या व्रणांखाली ॲम्नियनमुळे नव्या वाहिन्या आल्याचे लिहिले होते. २००० मध्ये हाओ आणि सहकाऱ्यांनी ॲम्नियनच्या पेशींत थ्रॉम्बोस्पॉन्डिन-१, एन्डोस्टॅटिन आणि टिम्प गटातील प्रथिने दाखवली. ही सगळी वाहिन्यांना अटकाव करणारी. दुसऱ्या बाजूला व्हीईजीएफ, बीएफजीएफ, ॲन्जिओजेनिन, एचजीएफ हे वाढ करवणारे घटकही याच ऊतकात मिळतात.

तेहरानच्या निकनेजाद यांच्या गटाने २०१३ मध्ये पडद्याच्या दोन बाजू वेगवेगळ्या तपासल्या. एपिथेलियमची (गर्भजलाकडच्या पेशींच्या थराची) बाजू रोखणारी आणि मेसेन्काइमची (उलट, बाहेरची) बाजू वाढवणारी, असा त्यांचा निष्कर्ष. आमचे काम इथून सुरू होते. बाजू बदलल्याने फरक पडतो का, एपिथेलियम काढल्यावर तो उरतो का, आणि गोठवण्याने किंवा वाळवण्याने तो किती पुसला जातो, एवढे तीन प्रश्न.

प्रत्येक पट्टीच्या नोंदीत पाच रकाने सक्तीचे: कोणती बाजू खाली, वारेवरचा (प्लासेंटावरचा) भाग की वारेपासून दूरचा, मेसेन्काइमच्या बाजूचा स्पंजी थर ठेवला की काढला, पेशी जिवंत की मृत की काढलेल्या, आणि धुतल्यानंतर रक्त उरले का. यातला एक रकाना जरी रिकामा असला तरी त्या पट्टीचा निकाल धरायचा नाही. प्रकाशित निबंधांतले निकाल एकमेकांशी का जुळत नाहीत याचे निम्मे कारण, आमच्या मते, हे न भरलेले रकाने आहेत.

१९ जानेवारी. वार मिळवणे

ठरवून केलेल्या सिझेरियनचीच वार घ्यायची. नैसर्गिक प्रसूतीत पडदा योनीमार्गातून येतो, त्यावर जंतू असतात, शिवाय तो ताणून फाटलेला असतो. संस्थेच्या नैतिक समितीची मंजुरी आणि मातेची लेखी संमती आधीच हातात हवी. संमती शस्त्रक्रियेच्या टेबलावर मागायची नाही, आदल्या दिवशी नीट समजावून घ्यायची. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस या चाचण्या निगेटिव्ह असाव्यात. वेळेआधी पाणी गेलेले, ताप आलेला, गर्भजल हिरवट झालेले असेल तर ती वार नको. मिकोनियमने, म्हणजे गर्भाच्या पहिल्या विष्ठेने, रंगलेल्या पडद्याचे एपिथेलियम खराब झालेले असते आणि कितीही धुतले तरी डाग जात नाही.

शस्त्रक्रियागृहात निर्जंतुक डबा आणि थंड सलाइन तयार ठेवायचे. वार त्यात पूर्ण बुडाली पाहिजे. उघडी पडलेली कड पाऊण तासात चामड्यासारखी होते आणि तिथला पडदा पुढे सुटत नाही. डबा बर्फाच्या पेटीत ठेवायचा, पण बर्फाला थेट टेकवायचा नाही. टेकला तर तेवढा भाग गोठतो आणि तिथल्या पेशी मरतात, नंतर "ताजा" म्हणून वापरताना गफलत होते. नाळही सोबत घ्यायची, दोन्ही टोकांना चिमटे लावून, किमान १५ ते २० सेंमी. तिच्यातूनच एन्डोथेलियमच्या, म्हणजे वाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या, पेशी मिळतील. एकाच दात्याचा पडदा आणि त्याच दात्याच्या पेशी जुळवता आल्या तर एक मोठा चल कमी होतो.

२३ जानेवारी. पडदा सोडवणे, नाळेतून पेशी काढणे

लॅमिनार हूडमध्ये वार मोठ्या ट्रेमध्ये, नाळ वरच्या बाजूला. आधी रक्ताच्या गुठळ्या काढायच्या, मगच पडद्याला हात लावायचा. उलटे केले तर ॲम्नियन आणि त्याला बाहेरून लागून असलेले कोरियन यांच्या फटीत रक्त शिरते आणि स्पंजी थर ते शोषून धरतो. तिथून ते निघत नाही.

सोडवण्यासाठी चाकू लागत नाही. कडेला दोन्ही थर बोटांच्या चिमटीत धरून एकमेकांवर हलकेच सरकवले की फट दिसते. तिथे बोट घालून ॲम्नियन हळूहळू उचलायचा. कोरियन जाडसर, दुधी, थोडा खडबडीत. ॲम्नियन पातळ, पारदर्शक, तुकतुकीत. नाळेच्या मुळाशी तो घट्ट चिकटलेला असतो, तिथे ओढाताण न करता २ सेंमी कड सोडून कापायचा. वारेवरून आलेला तुकडा एका वाडग्यात, दूरच्या आवरणाचा दुसऱ्यात, आणि दोन्हींवर लगेच चिठ्ठी.

धुण्याचे द्रावण: पीबीएसमध्ये (फॉस्फेटयुक्त क्षारद्रावणात) पेनिसिलिन ५० मायक्रोग्रॅम/मिली, स्ट्रेप्टोमायसिन ५०, निओमायसिन १००, अॅम्फोटेरिसिन बी २.५. दहा-दहा मिनिटांची पाच धुणी. शेवटच्या धुण्याच्या पाण्याचे शोषण ४१४ नॅनोमीटरला मोजायचे. तिथे हिमोग्लोबिनचे शिखर येते. शिखर दिसले तर पुन्हा धुवायचे. हा टप्पा बऱ्याच पद्धतींत नसतो आणि तो असायलाच हवा. प्लेटलेटमध्ये व्हीईजीएफ आणि पीडीजीएफ हे वाढघटक भरलेले असतात. गुठळीचे रक्त पडद्यात उरले, तर ॲम्नियनने वाहिन्या वाढवल्या असे वाटते आणि प्रत्यक्षात ते काम आईच्या प्लेटलेटचे असते.

स्पंजी थर मेसेन्काइमच्या बाजूला बुळबुळीत जेलीसारखा लागतो. अर्ध्या तुकड्यांवरून तो ओल्या गॉझने एकाच दिशेने पुसून काढला, अर्ध्यांवर ठेवला. पाण्यात तो फुगतो, त्यामुळे धुतल्यानंतर जास्त स्पष्ट दिसतो आणि काढायला सोपा जातो.

नाळेचे काम त्याच दुपारी. शिरेत बोथट सुई घालून बांधली, पीबीएसने रक्त धुऊन काढले, ०.१ टक्का कोलॅजिनेझ भरून ३७ अंशांवर १२ मिनिटे ठेवली. याहून जास्त ठेवले की खालच्या स्नायुपेशीही सुटून येतात आणि आठवड्याभरात त्याच प्लेट व्यापतात. नाळ हलकेच चोळून द्रव गोळा केला आणि जिलेटिन लावलेल्या फ्लास्कमध्ये पेशी पसरल्या. माध्यम एम१९९, २० टक्के सीरम, एन्डोथेलियमच्या वाढीचे पूरक. दुसऱ्या दिवशी माध्यम बदलून तरंगत्या लाल पेशी काढायच्या. फरसबंदीसारखी नीट बसलेली बहुकोनी पेशींची चादर दिसली की काम झाले. लांबट, तिरप्या पट्ट्या दिसल्या तर तो फ्लास्क टाकायचा. एन्डोथेलियमची खूण असलेल्या सीडी३१ची तपासणी दुसऱ्या पॅसेजला, म्हणजे दुसऱ्यांदा नव्या फ्लास्कमध्ये पेरल्यावर.

२४ जानेवारी. बाजू ओळखणे आणि तिची खूण

कोरडा सेल्युलोज स्पंज टोकाने टेकवून उचलला की मेसेन्काइमच्या बाजूला चिकट तंतू सोबत वर येतो. एपिथेलियमच्या बाजूला काही येत नाही. ही चाचणी पट्टी कापण्याआधी मोठ्या तुकड्यावर करायची आणि तुकडा नायट्रोसेल्युलोज कागदावर एपिथेलियम वर ठेवून पसरायचा. स्पंजी थर काढलेल्या तुकड्यांवर तंतू फारच बारीक येतो. तिथे शंका राहिली तर एक कोपरा कापून होएक्स्ट या केंद्रके दाखवणाऱ्या रंगाने रंगवायचा. एपिथेलियमच्या बाजूला गोल केंद्रकांची दाट, एकसारखी जाळी. दुसरीकडे विरळ, लांबट, वाटेल तशी पडलेली केंद्रके.

खूण कशी करायची यावर बराच खल झाला. पट्टी कागदावरून सुटली, ताटलीत एकदा फिरली की डोळ्यांना कोणती बाजू वर ते कळत नाही. चौरस कापून एक कोपरा छाटण्याची सवय सगळीकडे दिसते, पण ती फसवी आहे. चौरसाचा एक कोपरा छाटला तर तो कर्णाभोवती सममितच राहतो, उलटला तरी तसाच दिसतो. आयताचा कोपरा छाटला तर उलटल्यावर आकार बदलतो. म्हणून पट्ट्या ६ बाय ४ मिमी, लांब कड आडवी धरून उजवीकडचा वरचा कोपरा छाटलेला. एपिथेलियम वर असेल तर छाट उजवीकडे वर किंवा डावीकडे खाली दिसते. उलटी असेल तर डावीकडे वर किंवा उजवीकडे खाली. हे चित्र हूडच्या काचेवर चिकटवले आहे.

साठवण: निम्मे तुकडे डीएमईएम (पेशी वाढवण्याचे माध्यम) आणि ग्लिसेरॉल समप्रमाणात, उणे ८० अंश. यात पेशी बहुतेक मरतात, पण मृत पेशी आणि मॅट्रिक्स, म्हणजे पेशींबाहेरचे तंतूंचे जाळे, जागेवर राहते. "गोठवलेला" हा गट याच अर्थाने वाचायचा.

३० जानेवारी. एपिथेलियम काढणे

०.०२ टक्के ईडीटीए, ३७ अंश, २ तास. नंतर रबरी स्क्रेपरने एपिथेलियमच्या बाजूने हलका हात. ट्रिप्सिन लवकर काम करते, पण ते एपिथेलियमखालच्या आधारथराला, तळपटलालाही खाते आणि त्यात अडकलेले वाढघटक वाहून जातात. तळपटल शाबूत ठेवून फक्त पेशी घालवायच्या असल्याने ईडीटीए बरे. स्क्रेपरचा दाब जास्त झाला की पडदा सुरकुततो आणि सुरकुतीच्या तळाशी पेशींच्या रेघा उरतात. त्यामुळे स्क्रेप करताना पडदा काचेवर चारही बाजूंनी चिमट्यांनी ताणलेला हवा. शेवटी होएक्स्टने तपासणी. ज्या तुकड्यावर पेशींची बेटे उरली तो बाद.

ईडीटीए कॅल्शियम धरून ठेवते. उरलेले ईडीटीए पट्टीसोबत पुढे गेले, तर जिवंत ऊतकातल्या पेशींचे जोड सैल होतात आणि बारीक रक्तस्राव दिसतो. म्हणून कॅल्शियम असलेल्या पीबीएसमध्ये तीन धुणी. तुलनेसाठी एक नमुना पट्टीही लागते: पेशी न काढलेली, पण फक्त धुण्यांमधून गेलेली.

५ फेब्रुवारी. अंडी, दिवस शून्य

कोंबडीच्या अंड्यातला कोरिओ-ॲलँटॉइक पडदा, म्हणजे कॅम, ही आमची मुख्य चाचणी. पांढऱ्या कवचाचीच अंडी मागवली, कारण तपकिरी कवचातून दिव्याचा उजेड नीट जात नाही. अंडी आठवड्याच्या आतली हवीत आणि तोवर १५ ते १८ अंशांत ठेवलेली. फ्रिजमध्ये ठेवलेली अंडी चालत नाहीत. कवच ७० टक्के अल्कोहोलच्या बोळ्याने पुसले, भिजवले नाही. ओले कवच जंतू आत ओढते.

इन्क्युबेटर ३७.५ अंश, आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास. अंडी आडवी, वरच्या बाजूला पेन्सिलने खूण. ज्या ठिकाणी वीज जाते तिथे इन्व्हर्टरवर फक्त दिवा नव्हे, इन्क्युबेटरही हवा. थोडा वेळ तापमान उतरले तर भ्रूण बहुधा सावरतो. वीज आल्यावर यंत्राने ४० अंशांपर्यंत उडी मारली तर मात्र सावरणे अवघड. म्हणून अंड्यांच्या पातळीवर वेगळा थर्मामीटर ठेवला. यंत्राच्या आकड्यावर भिस्त नको.

८ फेब्रुवारी. दिवस ३, खिडकी

दिव्याखाली भ्रूण आणि त्याच्याभोवतीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे वाहिन्यांचे वर्तुळ पाहून घेतले. नुसती पिवळी सावली किंवा रक्ताची कडी दिसणारी अंडी बाजूला काढली.

अणकुचीदार टोकाला भोक पाडून १८ गेजच्या सुईने २ ते ३ मिली पांढरा बलक काढायचा. सुई खालच्या कवचाकडे झुकलेली हवी. सिरिंजमध्ये पिवळे आले की ते अंडे संपले. पांढरा बलक काढल्याने भ्रूण आणि वाहिन्या कवचापासून खाली बसतात. हे केले नाही तर खिडकी कापताना पडदा कवचालाच चिकटून फाटतो. भोक टेपने बंद.

खिडकीच्या जागी आधी पारदर्शक टेप लावायची, मग टेपसकट कवच कापायचे. असे केले की भुगा टेपला चिकटतो. कवचाचा कण कॅमवर पडला की चार दिवसांत त्याच्याभोवती वाहिन्या चाकाच्या आऱ्यांसारख्या जमतात, आणि पट्टीच्या परिणामाशी त्यांची गल्लत होते. खिडकी १.५ सेंमीची, वर पुन्हा टेप. यापुढे अंडे फिरवायचे नाही.

१३ फेब्रुवारी. दिवस ८, पट्ट्या ठेवणे

ग्लिसेरॉलमधल्या पट्ट्या आधी पीबीएसमध्ये दहा-दहा मिनिटांची तीन धुणी. ग्लिसेरॉल उरले तर ते कॅममधले पाणी ओढते, पडदा आकसतो आणि आजूबाजूच्या वाहिन्या पट्टीकडे ओढल्या जातात. फोटोत हे हुबेहूब नव्या वाढीसारखे दिसते.

मांडणीतला एक पेच इथे सोडवावा लागला. पट्टी कागदासकट ठेवली तर एपिथेलियम खाली करताना कागद वर येतो आणि स्ट्रोमा (मेसेन्काइमची बाजू) खाली करताना पट्टी आणि कॅम यांच्यामध्ये कागद येतो. दोन गटांची तुलनाच होत नाही. म्हणून सगळ्याच पट्ट्या कागदावरून सोडवल्या, कॅमवर ठेवल्या आणि त्यावर पातळ सिलिकॉनची कडी. कडी पट्टीच्या बाहेर बसते, पट्टीला दाबत नाही, फक्त घरंगळू देत नाही.

गट असे. ताजी, एपिथेलियम खाली. ताजी, स्ट्रोमा खाली. गोठवलेली, दोन्ही बाजूंनी. एपिथेलियम काढलेली, दोन्ही बाजूंनी. धुण्यांमधून गेलेली नमुना पट्टी. निष्क्रिय नियंत्रण म्हणून त्याच मापाची अंड्याच्या कवचाच्या आतल्या पातळ पडद्याची पट्टी, आणि रिकामी कडी. वाढ करवणारे नियंत्रण म्हणजे बीएफजीएफ शोषलेला जिलेटिन स्पंज. निष्क्रिय पट्टीशिवाय या चाचणीला अर्थ नाही. कॅमच्या स्वतःच्या वाहिन्या या दिवसांत झपाट्याने वाढतच असतात. काहीही ठेवले तरी चार दिवसांनी वाहिन्या जास्तच दिसणार.

जागा निवडताना दोन मध्यम वाहिन्यांमधली मोकळी जागा घ्यायची, मोठ्या वाहिनीवर पट्टी टाकायची नाही. पट्टीवर २० मायक्रोलिटर सलाइनचा एकच थेंब. जास्त झाला तर पट्टी तरंगते आणि कडेने दुमडते. दुमडीच्या खाली काय होते ते वाचता येत नाही. प्रत्येक अंड्याला सांकेतिक क्रमांक, चावी दुसऱ्याकडे.

१४ फेब्रुवारी

टेप न काढता वरून पाहणी. दुमडलेल्या पट्ट्यांची अंडी आजच बाद म्हणून लिहिली. वाचनाच्या दिवशी बाद ठरवले तर निकाल पाहून निवड केल्यासारखे होते.

१७ फेब्रुवारी. दिवस १२, वाचन

यापुढे थांबायचे नाही. पिल्लाची प्रतिकारशक्ती याच सुमारास आकार घेऊ लागते आणि मानवी ऊतकाभोवती दाह वाढतो. दाहाच्या पेशी स्वतःच वाहिन्या बोलावतात.

आधी जिवंत स्थितीतले फोटो, नंतर ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड ओतून स्थिरीकरण, पट्टीभोवती १ सेंमी कड ठेवून पडदा कापून काचपट्टीवर. कड्याच्या दिव्याचा गोल चमकता डाग फोटोत नेमका मध्ये येतो, म्हणून उजेड दोन्ही बाजूंनी तिरका. मोजणी फोटोच्या हिरव्या रंगाच्या चॅनेलमध्ये करायची, रक्त तिथे काळे आणि उठून दिसते. पट्टीच्या कडेपासून १ मिमीच्या पट्ट्यात फांदीबिंदू आणि कड ओलांडणाऱ्या वाहिन्या, दोघांनी स्वतंत्रपणे.

ताज्या पट्टीत, स्ट्रोमा खाली असताना कडेने बारीक फांद्या दाट दिसतात आणि त्यातल्या काही पट्टीखाली शिरतात. एपिथेलियम खाली असताना आधीच्या वाहिन्या खालून जातात तशाच आहेत, पण त्यांना नवे फाटे कमी. एपिथेलियम काढलेल्या पट्टीत हा अटकाव ओसरलेला दिसतो. दिशा २०१३ च्या निष्कर्षाशी जुळते. वारेवरचा आणि दूरचा भाग यांत काही ठरवता येईल इतका फरक डोळ्यांना दिसत नाही.

फोटोवर थांबून चालणार नाही, हे छेदांनी दाखवले. हिमॅटॉक्सिलिन-इओसिनच्या छेदात एक सोय आहे: कोंबडीच्या तांबड्या पेशींना केंद्रक असते, माणसाच्या पेशींना नसते. पट्टीच्या आत नळीसारख्या पोकळीत केंद्रकवाल्या लंबगोल तांबड्या पेशी दिसल्या, तर ती पिल्लाची, रक्त वाहणारी वाहिनी पट्टीत शिरली आहे. केंद्रक नसलेल्या पेशी दिसल्या तर धुण्यात राहिलेले आईचे रक्त. स्ट्रोमा खाली असलेल्या पट्टीच्या कडेला पहिल्या प्रकारच्या पोकळ्या आहेत, पण त्या स्पंजी थरातच थांबतात. त्यापलीकडच्या घट्ट कोलॅजनच्या थरात एकही वाहिनी नाही. स्पंजी थर पुसलेल्या पट्टीत वाहिन्या पृष्ठभागाशी येऊन थबकतात. म्हणजे "स्ट्रोमाची बाजू" म्हणताना प्रत्यक्षात स्पंजी थराबद्दलच बोलले जात असण्याची शक्यता मोठी आहे. बाजू आणि थर हे दोन चल वेगळे केल्याशिवाय पुढे जायचे नाही.

२२ फेब्रुवारी. नळ्या बनवण्याची चाचणी

तिसऱ्या पॅसेजच्या एचयूव्हीईसी, म्हणजे नाळेच्या शिरेतून काढलेल्या एन्डोथेलियमच्या पेशी. ज्यावर त्या नळ्यांचे जाळे विणतात ते जेल, मॅट्रिजेल, रात्रभर ४ अंशांवर वितळवले. टिपा आणि प्लेटही थंड. हातातल्या उबेनेही ते गोठू लागते आणि गुठळ्यांवर पेशी ढीग करून बसतात. ९६ कप्प्यांच्या प्लेटमध्ये दर कप्प्याला ५० मायक्रोलिटर, बुडबुडे नकोत, ३७ अंशांवर ३० मिनिटे. वर १५,००० पेशी. कमी घातल्या तर नळ्या जुळत नाहीत, जास्त घातल्या तर सपाट चादर होते. वाढघटक कमी केलेले मॅट्रिजेलच घ्यायचे. साध्या मॅट्रिजेलवर एचयूव्हीईसी काही न देताही सुंदर जाळे विणतात आणि वाढवणारा परिणाम दिसायला जागाच उरत नाही. फोटो ४, ६ आणि ८ तासांनी. २४ तासांनी जाळे आपोआप तुटते, तो अटकाव नव्हे. मोजणी इमेजजे या सॉफ्टवेअरच्या ॲन्जिओजेनेसिस ॲनालायझरने.

या चाचणीत एपिथेलियमच्या बाजूचा अटकाव कॅमइतका स्पष्ट नाही. याचे एक कारण पेशींतच आहे. थ्रॉम्बोस्पॉन्डिन-१ वाहिन्या रोखते ते मुख्यतः सीडी३६ या ग्राहीमार्फत, आणि तो ग्राही केशवाहिन्यांच्या एन्डोथेलियमवर असतो. नाळेच्या मोठ्या शिरेतून काढलेल्या पेशींवर तो जवळपास नसतोच. केवळ एचयूव्हीईसीवर तपासून "ॲम्नियन वाहिन्या रोखत नाही" म्हणणे म्हणजे कुलूप नसलेल्या दारावर किल्ली तपासणे. त्वचेच्या सूक्ष्मवाहिन्यांच्या पेशी मागवल्या आहेत.

२८ फेब्रुवारी. दोन बाजूंचे द्रव वेगळे गोळा करणे

पडदा वाटून अर्क काढण्याची पद्धत सोपी आहे, पण आमच्या प्रश्नाला निरुपयोगी. वाटताक्षणी दोन्ही बाजू मिसळतात, शिवाय एरवी कधीच बाहेर न पडणारी पेशींच्या आतली प्रथिनेही त्यात येतात.

त्याऐवजी ताजा पडदा दोन कड्यांत ढोलकीच्या पानासारखा ताणून बसवला. वर एक कप्पा, खाली एक. दोन्हीत सीरम नसलेले समान आकारमानाचे माध्यम, २४ तास, ३७ अंश. वर-खाली पातळी समान ठेवायची, नाहीतर दाबाने द्रव झिरपतो. गळती तपासायला शेवटी वर निळा डेक्स्ट्रान घालून खाली रंग येतो का पाहायचे. अगोदर घातला तर तो नमुन्यात राहतो. कड्यांजवळ पडदा चुरगळला की गळती तिथूनच होते. सिलिकॉनचे वॉशर दोन्ही बाजूंनी लावल्यावर ती थांबली.

वाचताना एक मर्यादा लक्षात ठेवायची. व्हीईजीएफ लहान आहे, जोडरेणू सुमारे ४५ किलोडाल्टन. तो २४ तासांत पडद्यातून पलीकडे जाऊ शकतो. थ्रॉम्बोस्पॉन्डिन-१ तीन साखळ्यांचे, सुमारे ४५० किलोडाल्टनचे. ते सुटले तरी स्रवले त्या बाजूलाच जास्त राहणार. म्हणजे दोन कप्प्यांतल्या व्हीईजीएफची पातळी सारखी आली, तरी ते दोन्हीकडून सारखेच स्रवते असे सिद्ध होत नाही. नियंत्रण म्हणून पडद्याविना तेवढेच तास ठेवलेले माध्यम. ऊतक ग्लुकोज खाते आणि माध्यम आंबवते, म्हणून चाचणीआधी ग्लुकोज आणि पीएच दोन्ही मोजून जुळवायचे. उपाशी एचयूव्हीईसीही नळ्या कमी बनवतात.

५ मार्च. वाळवलेला, किरणोत्सर्गाने निर्जंतुक केलेला पडदा

जखमेवर भारतात वापरला जाणारा बराचसा ॲम्नियन या रूपात असतो. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाची ऊतकपेढी १९८८ पासून हे काम करते, आणि अशा उत्पादनांच्या गॅमा निर्जंतुकीकरणाची सोय ट्रॉम्बेच्या आयसोमेड केंद्रात १९७४ पासून आहे. प्रचलित मात्रा २५ किलोग्रे. डोळ्यासाठी मात्र गोठवलेला पडदा जास्त चालतो. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद संस्थेतल्या सांगवान यांनी २०१२ मध्ये मांडलेल्या एसएलईटी या शस्त्रक्रियेत लिंबल (कॉर्नियाच्या कडेच्या) ऊतकाचे बारीक तुकडे डोळ्यावरच पसरलेल्या ॲम्नियनवर ठेवतात.

वाळलेल्या पट्टीची अडचण बाजूची. स्पंजी थर सुकून पापुद्रा होतो, स्पंजची चाचणी लागू पडत नाही. पीबीएसमध्ये अर्धा तास भिजवल्यावरही तंतू येईलच असे नाही. तिरक्या उजेडात एपिथेलियमची बाजू जास्त चमकते, पण त्यावर विसंबण्याइतके ते पक्के नाही. प्रत्येक नव्या पाकिटातल्या एका पट्टीचा आडवा छेद घेऊनच बाजू ठरवायची. शिवाय भिजताना पट्टी वळते. ती कॅमवर कोरडी ठेवून तिथेच भिजवली तर कॅममधले पाणी शोषते आणि ग्लिसेरॉलसारखाच आकसण्याचा खोटा परिणाम दिसतो. आधी पूर्ण भिजवायची, टिपकागदाने कडेचे पाणी टिपायचे, मग ठेवायची.

यात जिवंत पेशी नाहीत, त्यामुळे सतत स्रवणारे काही नाही. मॅट्रिक्सला बांधलेले घटक विरघळून सुटतील तेवढेच. म्हणून बाजूंमधला फरक ताज्या पट्टीपेक्षा कमी यावा अशी अपेक्षा लिहून, तारीख घालून ठेवली. मोजणी त्यानंतरच उघडायची.

१२ मार्च. पुढच्या वारेची तयारी

गटांची मांडणी बदलली. बाजू (दोन) आणि स्पंजी थर (ठेवलेला, पुसलेला) असे चार गट ताज्या पडद्याचे, त्याच दात्याकडून. एपिथेलियम काढलेला गट फक्त स्पंजी थर पुसलेल्या तुकड्यांतून. कोरियन सोबत ठेवलेला एक गट जोडला. जखमेसाठी विकल्या जाणाऱ्या काही उत्पादनांत दोन्ही थर असतात. कोरियन कितीतरी जाड असल्याने त्यातले वाढघटक एकूण प्रमाणात जास्त भरतात. अशा उत्पादनाचे गुण एकट्या ॲम्नियनच्या नावावर लिहिले जातात, ते तपासायचे आहे.

अंड्यांसोबत दुसरी चाचणी घेणार: १२ ते १४ दिवसांच्या कोंबडीच्या भ्रूणाच्या महाधमनीच्या कमानीच्या ०.८ ते १ मिमी कड्या, मॅट्रिजेलमध्ये, सीरमविना. एक-दोन दिवसांत कोंब फुटतात, आणि त्यात सूक्ष्मवाहिन्यांसारख्या वागणाऱ्या पेशी असल्याने एचयूव्हीईसीची उणीव काही अंशी भरून निघते. कडी कापताना बाहेरची चरबी आणि तंतू पूर्ण सोलायचे, नाहीतर फायब्रोब्लास्ट आधी धावतात आणि कोंब म्हणून मोजले जातात. कडी उलटून आतली बाजू बाहेर केली की कोंब लवकर येतात.

मागणी: बोथट सुया, २ मिमी सिलिकॉन चादर, वाढघटक कमी केलेले मॅट्रिजेल दोन बाटल्या एकाच लॉटच्या. अंड्यांची नोंदणी वारेच्या तारखेआधी आठ दिवस, म्हणजे पट्टी ताजी असतानाच कॅम आठव्या दिवशी असेल. सिझेरियन पुढे ढकलले तर ती अंडी दोन बाजूंच्या द्रवांच्या चाचणीसाठी वापरायची, शिळी पट्टी लावायची नाही.